पाच दिवसांचं स्थलांतर
‘कंपायलर समजून घेताना’ : लेखांक सातवा

9 नोव्हेंबर 2022, बुधवार. जीसीसी या कंपायलरच्या मुख्य कोडसाठ्यात त्या दिवशी एक अवाढव्य बदल दाखल झाला. कंपायलरच्या वागण्यात त्याने काडीचाही फरक पडणार नव्हता. बदल होता तो मॅन्युअलमध्ये, आणि तोही मजकुरात नव्हे, तर ज्या साधनाने मॅन्युअल लिहिलं आणि तयार केलं जातं त्या साधनात. टेक्सइन्फो नावाच्या जुन्या पद्धतीत वाढत आलेली हजारो पानं स्फिंक्स नावाच्या नव्या पद्धतीत आली. पुढच्या सोमवारी, 14 तारखेला, हा सगळा बदल मागे घेतला गेला. ज्याने दीर्घकाळ खपून तो तयार केला होता, त्यानेच तो मागे घेतला.

गेले सहा आठवडे आपण कंपायलरच्या पोटात काय चालतं ते पाहत आलो. या आठवड्यात मशीन बाजूला ठेवून त्याच्याबरोबर येणाऱ्या कागदपत्रांकडे वळायचं आहे. विषय कोरडा वाटेल, पण माझ्या मते एखादा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प किती जबाबदार आहे हे त्याच्या कोडपेक्षा त्याच्या मॅन्युअलवरून लवकर कळतं. आणि जीसीसीच्या या पाच दिवसांत शिकण्यासारखं इतकं आहे की, ते पुढच्या लेखात दोन ओळींत उरकणं मला पटलं नाही.

पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली कॉम्प्युटरची मुलं तिसऱ्या वर्षी ‘सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन’ हा विषय शिकतात. त्याचं पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे एसपीसीसीच म्हणतात. लेक्स आणि याकची प्रॅक्टिकल्स, थ्री ॲड्रेस कोड, जर्नल, व्हायवा, आणि विषय संपला. या सगळ्या काळात मुलांच्या हाताखाली जो कंपायलर असतो तो बहुधा जीसीसीच. एरर आली की मोबाइल बाहेर निघतो. पण लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर काळ्या खिडकीत ‘मॅन जीसीसी’ टाइप केलं, तर नेट असो वा नसो, कंपायलरच्या प्रत्येक पर्यायाची माहिती समोर येते. ही माहिती कुठून येते, कोण लिहितं आणि ती मशीनवर कशी पोचते, हे मुलांना कोणी सांगितलेलं नसतं. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. तेव्हा तो फक्त सी भाषेचा कंपायलर होता. पुढे सी++, फोर्ट्रान, एडा, गो, डी अशा भाषा येत गेल्या आणि नावाचा विस्तारही ‘ग्नू कंपायलर कलेक्शन’ असा झाला. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षं याच कंपायलरवर तयार होत आला आहे. त्याचं मॅन्युअल टेक्सइन्फोमध्ये लिहायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, कारण टेक्सइन्फो हीसुद्धा स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचीच निर्मिती आणि त्याची अधिकृत दस्तऐवज-पद्धत.

टेक्सइन्फोमागची कल्पना आजही कौतुकाची वाटते. मजकूर एकदाच लिहायचा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मध्येमध्ये @ या चिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा घालायच्या : इथे प्रकरण सुरू होतं, हा यादीतला मुद्दा, हा शब्द सूचीत घ्या. त्या एकाच फाइलमधून टर्मिनलवर वाचायची ‘इन्फो’ फाइल निघते, वेबपानं निघतात, आणि टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीतून छापील पुस्तकासारखी पीडीएफही निघते. वेब जन्माला येण्याआधीच्या काळात हे योजलेलं होतं. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकाला ‘नोड’ म्हणायचं, आणि प्रत्येक नोडला पुढचा, मागचा आणि वरचा असे दुवे द्यायचे. इन्फो वाचताना एन दाबलं की पुढे, पी दाबलं की मागे, यू दाबलं की वर.

जीसीसीच्या मॅन्युअलमधली सगळ्यात मोठी फाइल आहे ‘इन्व्होक’ नावाची. कंपायलरला देता येणाऱ्या सर्व पर्यायांचं वर्णन तिच्यात आहे. तीस हजारांहून जास्त ओळींची ही एकच फाइल. समजा तुम्हाला त्यात नवा वॉर्निंगचा पर्याय घालायचा आहे. आधी वरच्या बाजूला असलेल्या संक्षिप्त यादीत त्याचं नाव घालावं लागतं. मग खाली योग्य विभागात जाऊन ‘@आयटेम’ या खुणेने त्याची नोंद करावी लागते. तिच्याजवळ ‘@ओपीइंडेक्स’ ही खूण लागते, म्हणजे पर्यायांच्या सूचीत तो दिसतो. मग दोन-तीन परिच्छेद वर्णन. याखेरीज कंपायलरच्या स्वतःच्या ‘ऑप्ट’ फाइलमध्ये मदतीची एक ओळ लागते, ती वेगळीच. त्यात आणखी एक बारकावा आहे. टेक्सइन्फोमधून मॅन पान थेट निघत नाही. म्हणून ‘इन्व्होक’ फाइलमध्ये ठिकठिकाणी ‘@सी मॅन बिगिन’ आणि ‘@सी मॅन एंड’ अशा टिपा टाकलेल्या आहेत. टेक्सइन्फोच्या दृष्टीने त्या निव्वळ शेरे. पण पर्लमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या शोधतो, मधला मजकूर कापून घेतो, पर्लच्याच पॉड नावाच्या पद्धतीत बदलतो आणि तिथून मॅन पान तयार होतं. पनवेलच्या लॅबमध्ये ‘मॅन जीसीसी’ म्हटल्यावर जे दिसतं ते या वाटेने आलेलं असतं.

हे सगळं चालत होतं, मग बदलायचं कशाला? कारणं खरी होती. नव्या लोकांना टेक्सइन्फो येत नाही, आणि शिकावंसं वाटावं असं ते दिसतही नाही. त्यातून निघणारी वेबपानं फार जुन्या वळणाची होती : लांबच लांब पानं, शोधायला खिडकी नाही, उदाहरणांतल्या कोडला रंग नाहीत, आणि एखाद्या पर्यायाचा नेमका दुवा कोणाला पाठवायचा तर तो सहज हाती लागत नसे. दुसरीकडे स्फिंक्स होतं. पायथॉन भाषेचं मॅन्युअल लाटेकमधून बाहेर काढताना जॉर्ज ब्रांडल यांनी ते तयार केलं आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या, वाचायला सोप्या खुणांमध्ये लिहायचं, आणि स्फिंक्स त्यातून देखणी वेबपानं, पीडीएफ, मॅन पानं काढून देतं. 2012 च्या सुमारास एलएलव्हीएम या दुसऱ्या मोठ्या कंपायलर प्रकल्पाने हाताने लिहिलेली एचटीएमएल पानं सोडून स्फिंक्स घेतलं होतं. लिनक्सच्या गाभ्याने 2016 मध्ये तीच वाट धरली. जीसीसीच्या घरातही एडा भाषेच्या विभागाने आपली मॅन्युअलं आधीच स्फिंक्समध्ये नेली होती.

म्हणून सूसे कंपनीत काम करणारे जीसीसीचे विकासक मार्टिन लिष्का यांनी हे काम अंगावर घेतलं. रेड हॅटच्या डेव्हिड माल्कम यांनी पूर्वी टेक्सइन्फोचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट करणारा एक प्रोग्रॅम सुरू केला होता. लिष्का यांनी तो वाढवला, सुधारला, पुन्हा पुन्हा चालवला. 2021 पासून चर्चा सुरू होती, नमुन्याची पानं लोकांना दाखवली जात होती. कोणावर काही अचानक लादलं गेलं असं नव्हतं. मग पाच दिवसांत असं काय घडलं?

पहिली अडचण आली ती आवृत्तीची. या मॅन्युअलसाठी स्फिंक्स 5.3 किंवा त्याहून नवं लागणार होतं. कंपायलरच्या पर्यायांची नावं विचित्र असतात : बरोबरचं चिन्ह, चौकोनी कंस, स्वल्पविराम, सगळं त्यांत येतं. जुन्या स्फिंक्सला ही नावं नीट उलगडता येत नव्हती. 5.3 तर नुकतंच निघालेलं. त्याच वर्षीच्या उबुंटू 22.04 मध्ये मिळत होतं 4.3. म्हणजे मॅन्युअल स्वतः तयार करायचं असेल, तर यंत्रणेबरोबर आलेलं स्फिंक्स चालणार नाही. पायथॉनचं वेगळं वातावरण उभारून नेटवरून नवं स्फिंक्स उतरवायला लागणार. घरी बसून जीसीसी शिकणाऱ्याला हे जमेल. पण डेबियन, फेडोरा, सूसे यांसारख्या वितरणांच्या बांधणीच्या मशीन्सना बांधणीच्या वेळी मुद्दामच नेट दिलेलं नसतं, आणि आपल्या साठ्याबाहेरचं काही वापरायची त्यांना मुभा नसते.

कंपायलरच्या बाबतीत याला आणखी एक धार आहे. नव्या जातीच्या मशीनवर सॉफ्टवेअर उभं करायचं असेल, तर सगळ्यात आधी ज्या गोष्टी लागतात त्यांत सी कंपायलर येतो. पायथॉन स्वतः सी मध्ये लिहिलेलं, म्हणजे त्याला कंपायलर आधी हवा. आता त्या कंपायलरच्या मॅन्युअलला पायथॉन आणि त्याची पाच-सात पॅकेजं लागणार. मॅन्युअल बांधलंच पाहिजे असं नाही, ते वगळता येतं, हे खरं. पण जिथे पायाच घालायचा असतो तिथे प्रत्येक वाढीव अवलंबन खटकतं, आणि ज्यांना ते खटकलं त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

दुसरी अडचण सूचीची. जीसीसीच्या मॅन्युअलला एक नव्हे, अनेक सूची आहेत : पर्यायांची वेगळी, संकल्पनांची वेगळी. टेक्सइन्फोला हे पहिल्यापासून येतं, कारण ते पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून घडवलेलं आहे. स्फिंक्स वेबपान डोळ्यांपुढे ठेवून घडवलेलं. तिथे शोधायची खिडकी असल्यामुळे एका सर्वसाधारण सूचीवर भागतं. हजार पानांचं मॅन्युअल रोज वापरणाऱ्याला मात्र सूचीच लागते. शोध आपल्याला शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे नेतो. सूची नेते ती जिथे त्या गोष्टीबद्दल खरंच सांगितलं आहे तिथे. ती माणसाने नोंद करून तयार केलेली असते. वर सांगितलेली ‘@ओपीइंडेक्स’ची एकेक ओळ कोणीतरी विचार करून लिहिलेली आहे. अशा हजारो ओळींमागचं शहाणपण नव्या साधनात बसत नसेल, तर साधन कितीही देखणं असो, वाचक काहीतरी गमावतोच.

इन्फो वाचणाऱ्यांचं दुखणं वेगळं. ग्नूच्या जगात, विशेषतः ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांमध्ये, इन्फोवर जगणारे लोक आजही आहेत. स्फिंक्समधून इन्फो फाइल काढता येते, पण त्यासाठी स्फिंक्स आधी टेक्सइन्फो तयार करतं आणि मग टेक्सइन्फोचाच प्रोग्रॅम त्यातून इन्फो काढतो. म्हणजे टेक्सइन्फो सुटत नाहीच. फक्त माणसाने लिहिलेलं नीटनेटकं टेक्सइन्फो जाऊन मशीनने काढलेलं ओबडधोबड टेक्सइन्फो हाती येतं. एडाच्या मॅन्युअलमध्ये हे आजही पाहायला मिळतं : लिहायचं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणि त्यातून निघालेली टेक्सइन्फो फाइलही कोडसाठ्यात जपून ठेवायची, म्हणजे बांधणाऱ्याला स्फिंक्स लागत नाही. एका विभागापुरती ही तडजोड चालून जाते. संपूर्ण प्रकल्पाने तसं करायचं ठरवलं, तर दोन्ही पद्धतींचा भार एकाच वेळी वाहावा लागेल.

माझ्या मते सगळ्यात गंभीर प्रश्न होता तो पत्त्यांचा. टेक्सइन्फोमधून वेबपानं निघतात तेव्हा नोडचं नाव तेच पानाचं नाव होतं. ‘वॉर्निंग ऑप्शन्स’ हा नोड म्हणजे ‘वॉर्निंग-ऑप्शन्स’ हे पान. हे नाव वर्षानुवर्षं टिकलं. जगभरच्या पुस्तकांत, व्याख्यानांच्या नोट्समध्ये, कंपन्यांच्या अंतर्गत नियमावल्यांत, लोकांनी विचारलेल्या लाखो प्रश्नांच्या उत्तरांत त्या पत्त्याचे दुवे आहेत. स्फिंक्सने फाइलींची नावं आणि मांडणी दोन्ही बदलली. तेच पान ‘ऑप्शन्स टू रिक्वेस्ट ऑर सप्रेस वॉर्निंग्ज’ अशा लांबलचक नावाने दुसऱ्याच कप्प्यात गेलं. जुन्या पनवेलमध्ये माणसं अजून लाईन आळी आणि टपाल नाका सांगूनच पत्ता देतात. उद्या ती नावं पुसली तर घरं जागेवर राहतील, पण येणारा पोचणार नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पाठवणारे नियम वेबसर्व्हरवर लावता येतात, पण एकेका पानापुरते. एका पानातल्या नेमक्या परिच्छेदाकडे जाणारा दुवा, म्हणजे पत्त्यात # च्या पुढे जे येतं ते, सर्व्हरला दिसतच नाही. ते ब्राउझरपाशीच राहतं. मॅन्युअलमध्ये एकेका पानावर शेकडो पर्याय असताना त्या # च्या पुढच्या भागातच खरा पत्ता असतो.

आणि हे पत्ते वापरणारी फक्त माणसं नव्हेत. जीसीसी 10 पासून, म्हणजे 2020 पासून, कंपायलर स्वतःच त्यांचा वापर करतो. वॉर्निंग्ज चालू असताना तुम्ही एखादं व्हेरिएबल घोषित करून वापरलं नाहीत, की वॉर्निंगच्या शेवटी चौकोनी कंसात त्या पर्यायाचं नाव येतं. टर्मिनल नव्या पद्धतीचं असेल, तर ते नाव म्हणजे दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की मॅन्युअलचं नेमकं ठिकाण उघडतं. म्हणजे मॅन्युअलचे पत्ते कंपायलरच्या आत शिरलेले आहेत, आणि दस्तऐवजाचं साधन बदलायचं म्हणजे कंपायलरमध्येही हात घालणं आलं. आधीच निघालेला, लोकांच्या मशीनवर बसलेला जुना कंपायलर तर जुनाच पत्ता दाखवत राहणार. तो कसा बदलणार?

वेळही अवघड निवडली गेली. जीसीसी 13 मध्ये नव्या गोष्टी दाखल करण्याची मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपत होती. अशा वेळी सगळे आपापलं साठवलेलं काम आत ढकलत असतात, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या सुविधेसोबत मॅन्युअलचे दोन परिच्छेद असतात. ते सगळे टेक्सइन्फोमध्ये लिहून तयार. बुधवारी सकाळी त्यांच्या पायाखालची फाइलच नाहीशी झाली. आता पर्लचा तो छोटा प्रोग्रॅम नाही, ‘इन्व्होक’ फाइल त्या रूपात नाही. सगळ्यांना आपला मजकूर नव्या पद्धतीत पुन्हा लिहायचा होता, ती पद्धत शिकत शिकत.

लिष्का यांच्यापुढे दुरुस्त्यांची यादी दर तासाला वाढत गेली. त्यांतल्या काही अडचणी तर जीसीसीच्या हातातल्या नव्हत्याच : स्फिंक्समध्येच सुधारणा व्हायला हवी होती, ती तिथल्या लोकांनी स्वीकारायला हवी होती, त्याची नवी आवृत्ती निघायला हवी होती. एकट्याला हे आवरणार नाही आणि एवढ्यात सुटणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि बदल मागे घेतला. मला या सगळ्यात तो सोमवार सर्वांत मोठा वाटतो. इतके कष्ट घेतलेलं काम, पाठिंबा देणारे लोकही बरेच, आणि तरी वाचकाची गैरसोय होते आहे हे दिसताच पाचव्या दिवशी परत फिरायचं, याला फार मोठं मन लागतं. पुढे एप्रिल 2023 मध्ये जीसीसी 13 प्रसिद्ध झाला तो टेक्सइन्फोच्या मॅन्युअलसकट.

याच्या तुलनेत रस्टच्या लोकांनी 2017-18 मध्ये केलेलं एक स्थलांतर शांतपणे पार पडलं. रस्ट भाषेत कोडमधल्या शेऱ्यांतूनच मॅन्युअल निघतं. शेरे मार्कडाउनमध्ये लिहायचे आणि रस्टडॉक हा प्रोग्रॅम त्यांची पानं करतो. मार्कडाउन वाचण्यासाठी त्यांच्याकडे आधी हूडाउन नावाची सी मधली लायब्ररी होती. त्यांना रस्टमध्येच लिहिलेली पुलडाउन-सीमार्क आणायची होती. दोघींचे नियम किरकोळ ठिकाणी वेगळे. त्यांनी काही काळ दोन्ही लायब्रऱ्या एकत्र चालवल्या. प्रत्येक शेरा दोन्हींतून काढून पाहायचा, आणि निकाल वेगळा आला की लेखकाला सूचना द्यायची : इथे तुमचं पान पुढे वेगळं दिसेल, बघून घ्या. लोकांनी आपापले शेरे दुरुस्त केले, मग जुनी लायब्ररी काढली. लिनक्सच्या गाभ्यानेही डॉकबुकमधून स्फिंक्समध्ये जाताना एकेक पुस्तक नेलं. बराच काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. जीसीसीला हे जमणं कठीण होतं, कारण तिथली मॅन्युअलं एकमेकांत गुंतलेली. परवान्याचं एकच पान सगळ्यांत सामाईक. पण प्रयत्न त्या दिशेने व्हायला हवा होता असं मला वाटतं.

आता आपल्या जवळच्या, पवईतल्या गोष्टीकडे येऊ. जीसीसीच्या मॅन्युअलची दोन मुख्य पुस्तकं आहेत. एक वापरणाऱ्यांसाठी, आणि दुसरं ‘इंटर्नल्स’, म्हणजे कंपायलरच्या आत काम करू पाहणाऱ्यांसाठी. हे दुसरं पुस्तक वाचून कंपायलर कळला, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यात माहिती ठासून भरलेली आहे, पण कुठून सुरुवात करायची ते सापडत नाही. ही उणीव आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने ओळखली. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने हे केंद्र उभं राहिलं होतं. 2009 पासून काही वर्षं तिथे ‘इसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ नावाच्या कार्यशाळा झाल्या. देशभरातून शिक्षक, विद्यार्थी आणि कंपन्यांतले लोक तिथे आले.

त्यांची शिकवण्याची रीत मला फार भावते. जीसीसीचा लाखो ओळींचा कोड वाचायला बसायचं नाही, आणि तो डबा बंद आहे असंही मानायचं नाही. अर्धवट उघडा डबा समजायचा. एक चार ओळींचा सी प्रोग्रॅम घ्यायचा, कंपायलरला प्रत्येक टप्प्यावर आपलं काम फाइलमध्ये ओतायला सांगायचं आणि दोन लगतच्या टप्प्यांतला फरक वाचायचा. नव्या प्रोसेसरसाठी जीसीसी कसा वळवायचा हे शिकवायला त्यांनी स्पिम या साध्या, शिकवण्यासाठीच्या मशीनचं वर्णन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं : आधी फक्त रिकामं फंक्शन चालेल इतकं, मग बेरीज-वजाबाकी, मग फंक्शनला फंक्शन बोलावणं, मग जर-तर. प्रत्येक पायरीवर चालणारा कंपायलर हातात. ही सगळी कागदपत्रं कुठल्या साधनात बांधली याने वाचकाला काही फरक पडला नाही; शिकणारा कुठे अडतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, यानेच पडला. लिष्का यांचं स्थलांतर यशस्वी झालं असतं तरी ‘इंटर्नल्स’ पुस्तक होतं तेवढंच अवघड राहिलं असतं, फक्त देखणं झालं असतं.

जीसीसीच्या कोडमध्ये ‘जीसीएसई.सीसी’ नावाची एक फाइल आहे. तीच तीच आकडेमोड पुन्हा करायची वेळ येऊ नये, म्हणून प्रोग्रॅममधून फालतू पुनरावृत्ती शोधून काढणारी ही फाइल. चौथ्या लेखांकात आपण हे काम पाहिलं होतं. तिच्या सुरुवातीला एक लांबलचक शेरा आहे, ज्या शोधनिबंधांवर हे काम उभं आहे त्यांची यादी. त्या यादीत डी. एम. ढमढेरे हे नाव एकापेक्षा जास्त वेळा येतं : 1988 चा निबंध, 1991 चा निबंध. हे आयआयटी मुंबईचे प्रा. ढमढेरे, ज्यांचं सिस्टिम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनमागे असलेल्या कंपायलरच्या पोटात हे नाव लिहिलेलं आहे. ते कुठल्या मॅन्युअलमध्ये येत नाही. एसपीसीसी शिकणाऱ्या मुलांनी ही फाइल एकदा तरी उघडून पाहावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

2022 नंतर काय झालं? स्फिंक्सचा प्रयत्न फसला, पण त्यामुळे ज्या तक्रारी उघड्या पडल्या त्या विसरल्या गेल्या नाहीत. त्याच नोव्हेंबरात टेक्सइन्फोची सातवी आवृत्ती निघाली होती. 2023 च्या सुरुवातीला जीसीसीच्या टेक्सइन्फो फाइलींमध्ये एक दिसायला क्षुल्लक बदल झाला : सूचीची ‘@ओपीइंडेक्स’ ही ओळ पर्यायाच्या नावानंतर असायची, ती नावाच्या आधी आणली गेली. पूर्वी सूचीतून टिचकी मारली की वाचक पर्यायाच्या नावाच्या खाली जाऊन पडायचा आणि आपण नेमकं कशाबद्दल वाचतो आहोत ते पाहायला त्याला पान वर सरकवावं लागायचं. आता नावच समोर येतं. हा बदल अनेक मॅन्युअलांच्या असंख्य ओळींमध्ये करावा लागला. पुढे 2024 मध्ये पर्याय आणि त्याचं मॅन्युअलमधलं ठिकाण यांची जोडी सांगणाऱ्या वेगळ्या फाइली कोडसाठ्यात आल्या. तयार झालेली वेबपानं वाचून एक प्रोग्रॅम त्या बनवतो, आणि त्यामुळे वॉर्निंगमधला दुवा अंदाजावर न जाता नेमक्या जागी पोचतो. नव्या साधनाकडून ज्या गोष्टींची अपेक्षा होती, त्यांतल्या निदान काही अशा जुन्या साधनातच मिळाल्या.

पुढच्या लेखात आपण कंपायलरच्या वॉर्निंग्जकडे वळणार आहोत. त्याआधी लिनक्सचं मशीन हाताशी असेल तर दोन गोष्टी करून पाहा. ‘मॅन जीसीसी’ उघडा, / दाबून ‘-डब्ल्यूऑल’ शोधा आणि तो पर्याय नेमक्या कोणकोणत्या वॉर्निंग्ज चालू करतो त्याची यादी वाचा; ‘ऑल’ म्हणूनही त्यात सगळ्या नाहीत हे तिथेच कळेल. मग पाच ओळींचा प्रोग्रॅम ‘-ओ2’ आणि ‘-एफडम्प-ट्री-ऑल’ हे दोन पर्याय देऊन कंपाइल करा. फोल्डरमध्ये फाइलींची रांग लागेल. त्यांतली ‘जिंपल’ नावाची आणि ‘ऑप्टिमाइज्ड’ नावाची, अशा दोन शेजारी ठेवून वाचा, आणि काय गळलं त्याची पेन्सिलने नोंद करा. तीच नोंद घेऊन आपण पुढच्या आठवड्यात सुरुवात करू.